एकशे पासष्ट ग्रेन आणि बापाचा शर्ट

आर्विड कोस्किनेनचा नेम कधी चुकला नाही. चुकल्या त्या गोळ्या. हे त्यानं स्वतःच सांगितलंय, आणि मिशिगनच्या या उत्तर टोकाला ज्याला ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला सांगितलंय.

आमच्या शिकारीच्या झोपडीची रीत अशी की हरणावर झाडलेली गोळी वाया गेली, तर त्या गड्याच्या शर्टाची मागची शेपटी, म्हणजे कंबरेखाली लोंबणारं टोक, कापायची, नाव नि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायची. आर्विडच्या सात शेपट्या तिथं लटकतायत. प्रत्येकीवर त्यानं हट्टानं गोळीचं वजनही लिहून घेतलंय, खरा गुन्हेगार कोण ते कळावं म्हणून. 'आर्विड, १५० ग्रेन.' 'आर्विड, १८० ग्रेन.'

यंदा मात्र त्यानं कंबर कसली. मे महिन्यापासून पठ्ठ्या रोज रेतीच्या खाणीत गोळ्या पारखतोय. रायफल त्याची आपोआप पुढचं काडतूस चढवणारी, आणि तिचे नखरे म्हणजे जेवताना लाडावलेल्या पोराचे. मऊ शिशाच्या टोकाची गोळी दिली, की चढताना टोक चेपायचं. हलकी विखरायची, जड खाली बसायची. तीन गोळ्या झाडायच्या, नळी गार होईतो कॉफी प्यायची, मग कागदावरच्या भोकांवर पंचवीस सेंटचं नाणं ठेवून बघायचं. अकरा तऱ्हेच्या गोळ्या झाल्या. बारावी, कडक टोकाची, एकशे पासष्ट ग्रेनची. तिची तिन्ही भोकं नाण्याखाली गुडुप!

"एल्ना, सापडली गं!" तो बायकोकडे धावत आला.

"बरं झालं. आता नेम धरणारा शोध," एल्ना पीठ मळता मळता म्हणाली.

"हस, हस. यंदा मी बाबांचा शर्ट घालणार."

एल्नाचा हात थांबला. "वेड लागलंय का तुला? तो कापला गेला तर?"

आर्विडच्या बापानं, म्हाताऱ्या ऑस्करीनं, चाळीस वर्षं शिकार केली, पण भिंतीवर त्याच्या नावाची एक चिंधी नाही. त्याचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट तो गेल्यापासून पेटीत, डांबरगोळ्यांत. आर्विडनं आजवर त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. बापाच्या कोऱ्या नावाला आपल्यामुळे बट्टा लागला, तर तोंड कुठं दाखवणार? पण एकशे पासष्ट ग्रेन होती ना!

पंधरा नोव्हेंबरच्या सकाळी तो शर्ट घालून मचाणावर बसला. साठ पावलांवर नर हरीण आलं, छान आडवं उभं राहिलं. आर्विडनं झाडली. रायफल आपोआप भरणारी, म्हणून आणखी दोन झाडल्या. हरीण निघून गेलं, तेही घाई न करता.

बर्फावर रक्ताचा थेंब नाही. मागच्या बर्चच्या झाडाला मात्र तीन भोकं, आणि काय सांगावं, तिन्ही एका नाण्याखाली मावतील अशी.

दुपारी झोपडीत सगळ्यांसमोर न्यायनिवाडा झाला. कात्री हिल्मा आत्याकडे असते. ऑस्करीची धाकटी बहीण, वय एक्क्याऐंशी, हात अजून स्थिर.

"आत्या, अगं झाड तरी बघ! गोळी किती अचूक..."

"झाड मेलंच म्हणायचं. वळ तिकडे."

आर्विडचा चेहरा उतरला. "आत्या, माझा दुसरा शर्ट काप. तीन काप. हा नको, बाबांचा आहे."

"अंगात आहे तोच कापायचा," म्हणत आत्यानं शर्ट विजारीतून ओढून काढला. आणि मागं शेपटीच नव्हती! पाठीशी कापड सरळ कापलेलं, आईच्या बारीक टाक्यांनी दुमडून शिवलेलं.

आत्या चुलीच्या धुराड्यामागं गेली, तिथली काजळलेली, बिननावाची एक चिंधी काढून तिनं आर्विडच्या पाठीला लावली. चौकडीला चौकडी जुळली.

"मी नाव लिहू नये म्हणून तीन हिवाळे माझी लाकडं फोडली तुझ्या बापानं," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी काय म्हणाला ठाऊक आहे? गोळी खराब होती."

सगळे खो खो हसले. आर्विडला आधी रडू आलं, मग तोही हसला. मग त्यानंच कात्री मागून घेतली, शर्टाच्या पुढच्या बाजूची शेपटी कापली आणि बापाच्या चिंधीशेजारी ठोकली. नाव लिहिलं, साल लिहिलं. गोळीचं वजन काही लिहिलं नाही.