नैवेद्य घेऊन गेलेली बोट

मेलेल्या माणसांशी इतक्या बिनधास्त गप्पा मारणारा माणूस अख्ख्या मॉरिशस बेटावर माझ्या मामेसासऱ्यांशिवाय दुसरा झाला नाही, हे मी पैजेवर सांगतो. ते माएबूर्गला राहत आणि साखर कारखान्यात फिटर होते. मी बो बासें गावातल्या एका कचेरीतला कारकून. लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला गेलो, तर 'बसा जावयबापू' म्हणून ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि म्हणाले, "सरक की रं जरा, पाव्हण्यास्नी पाय लांब करू दे." खुर्ची खरोखरच करकरली. मी पाय आखडूनच बसलो. कुणाच्याही घरी गेले की खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून ते दारांच्या बिजागऱ्या आवळत. यजमानाची परवानगी वगैरे भानगड नाही. आमच्याकडे मात्र मागच्या दाराला त्यांनी हात लावला नाही. "ही ढिलीच ऱ्हाऊ द्या. तुमचे बाबा हितनं येतात." माझे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या रात्रीपासून आमच्या हिने त्या दाराला आतून पेटी लावून ठेवली.

पण त्यांचं खरं बोलणं असे ते धाकट्या भावाशी. हा भाऊ मासेमार. सत्तावन्न साली ऊसतोडीच्या दिवसांत त्याने विचारलं होतं, "दादा, आज येतोस संगट?" मामांनी कारखान्यात एक शाफ्ट खोलून ठेवला होता, म्हणून ते गेले नाहीत. भाऊ एकटाच गेला. होडी प्रवाळाच्या रांगेवर आपटलेली सापडली. भाऊ सापडला नाही. तेव्हापासून दर पितृपक्षात मामा त्याच्या नावाने पिंड ठेवत आणि तो तसाच सुकून जाई. कारण सरळ होतं: कावळे सगळे पोर लुईच्या बंदराकडे, आमच्या बाजूला एकही नाही. बाकीचे मराठी लोक साळुंकीवर भागवून घेत. मामांना ते पटेना. "साळुंकी कुणाचंबी खाते. माझा भाऊ रुसलाय, म्हणून शिवत नाय." हे म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक होई की मला चेष्टा सुचत नसे.

शेवटी बासष्ट साली त्यांनी ठरवलं की पिंड आपणच पोचवायचा. मामींचा ग्रामोफोन त्यांनी न विचारता खोलला आणि त्यातल्या स्प्रिंगवर चालणारी दोन हात लांब बोट केली, दोन्ही बाजूंना पाणी मारणारी चाकं असलेली. "माझी गाणी पाण्यात गेली," मामी येईल त्याला सांगत. प्रत्येक चाकाला वेगळा शाफ्ट, वेगळी चेन. चेन ज्या दातेरी चकतीवर फिरते तिला मामा कारखान्यातल्यासारखं 'पिन्यों' म्हणत. पितळेच्या पत्र्यातून त्यांनी एकेक दात कानशीने काढला. मग दोन पिन्यों एका रेषेत आहेत का, हे ताणलेला दोरा लावून बघत तासन्‌तास बसत. मी एकदा हात पुढे केला तर ओरडले, "पा तूश! हात नका लावू! केसाएवढं हाललं तरी चेन उडी मारती." नंतर रिकाम्या जागेकडे बघून हळूच विचारलं, "आता सरळ हाय नव्हं?" आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवून डावीकडची चकती सुताएवढी सरकवली. दोरा तंतोतंत बसला. धुण्याच्या टाकीत बोट अकरा मिनिटं चालली, की स्प्रिंग संपे.

सर्वपित्रीच्या दुपारी आम्ही दोघे एका ओळखीच्या माणसाच्या होडीतून प्रवाळाच्या रांगेजवळ गेलो. बोट सोडण्याआधी मामांनी यंत्राची पूजा केली. कोऱ्या यंत्राला हळदकुंकू लावल्याशिवाय आमचा माणूस ते सुरू करत नाही. मामा तर फिटर. त्यांनी स्क्रू ढिले करून चकत्यांच्या आत, थेट शाफ्टला तेलात कालवलेलं कुंकू लावलं आणि पुन्हा आवळलं. केळीच्या पानावर पिंड ठेवून बोट सोडली. ती खडकांमधल्या फटीतून पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. वारा पडला होता. अकरा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. मामा सुरुवातीला भावाला हाका मारत होते, त्याही थांबल्या. इतक्यात चाकांचा फटफट आवाज आला. बोट त्याच फटीतून सरळ आमच्याकडे येत होती.

पान जागेवर होतं. पिंड नव्हता. माशांनी खाल्ला असेल, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात डावं चाक हाताला लागलं. तेलामुळे स्क्रूची पकड सुटून चकती शाफ्टवर नुसतीच गरगरत होती. म्हणजे बोट एका चाकावर चालत होती. तिने गोल गोल फिरायला हवं होतं. मी यंत्र थांबवायचा खटका दाबला. मामांनी किल्ली फिरवून बघितली. अर्धा वेढाही बसेना. स्प्रिंग गच्च भरलेली होती.

मामांनी किल्ली मुठीत धरली. मग रडत, हसत म्हणाले, "रुसलेला माणूस किल्ली भरून धाडतो व्हय, जावयबापू?"

त्यानंतर ते भावाशी कधी बोलले नाहीत. त्याला आता झोपू द्यायचं म्हणत. खटकाही कुणाला सोडू दिला नाही. मामा गेल्यावर बोट माझ्याकडे आली. ते आम्हाला फार हवेसे होते, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. कधी कधी घरात कुणी नसताना मी ती किल्ली फिरवून बघतो. ती अजून हलत नाही, आणि मला बरं वाटतं.