मामाजींची पांढरी लाईन

स्वतः एक पाऊल न चालता दुसऱ्यांना चालायला लावायची स्पर्धा कुणी भरवली, तर पहिला नंबर आमच्या मामाजींचा येईल आणि बक्षीस घ्यायलाही ते स्टेजपर्यंत स्कूटीवरच जातील. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. जन्मभर गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मुनीम होते. मिलच्या गादीवर बसल्या बसल्या हाक मारली की माणूस, पोतं, चहा सगळं आपल्यापर्यंत चालत येतं, या अनुभवातून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं. "चालनं हे बिनकामाच्या लोकायचं काम आहे जी," असं ते म्हणत. घरून पानठेल्यावर जायचं तर स्कूटी. पानठेला म्हणजे काय, अंगणातून थुंकलं तर पोचेल इतक्यावर. असा माणूस निवृत्त होऊन गावी परतला आणि त्यानं पायी फिरण्याचा रस्ता सजवायला घेतला, यापेक्षा मोठा अन्याय पायांवर झालेला मला ठाऊक नाही.

रस्ता म्हणजे आमच्या सासुरवाडीची (सासूबाईंचं माहेरही त्याच गावचं) जुनी छोटी लाईन, अरुंद रुळांची रेल्वे. छोटी लाईन मोठी झाली तेव्हा नव्या रुळांनी एक वळण सरळ करून टाकलं आणि जुनं वळण गावाच्या मागे तसंच पडून राहिलं. रूळ रेल्वेनं नेले. लाकडी स्लीपर कुणी नेले ते विचारू नये, कारण त्यातला एक माझ्या सासऱ्यांच्या गोठ्याची चौकट झाला आहे. उरला तो धानाच्या बांध्यांमधून जाणारा उंच, सपाट मातीचा भराव, आपल्या गावापासून थेट पलीकडच्या गावापर्यंत. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी तिथली बेशरमाची झुडपं तोडली, पोरांनी खड्डे बुजवले आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की इथं सकाळ-संध्याकाळ फिरायला छान वाट करू, झाडं लावू, बाक टाकू. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग मामाजी आले.

मामाजींचं म्हणणं एकच होतं. वाटेच्या दोन्ही कडांना पांढरे गोटे लागले पाहिजेत, आणि ते गावापासून गावापर्यंत, कुठंही खंड न पडता. यामागचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर लोक त्यांना सहन करत. पलीकडच्या गावात मामाजींची थोरली बहीण राहते, म्हणजे आमच्या मोठ्या मावशी. काचबिंदूनं त्यांची नजर गेली ती गेलीच. "मले आता पांढरं तेवढं दिसते. बाकी समदा धुर आहे," असं त्या स्वतःच सांगतात. माहेरची मंडई त्यांनी कधी चुकवली नव्हती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं आणि लेकीबाळी, पाहुणे यांनी घरं फुगतात. पण डोळे गेल्यापासून मावशी आल्या नव्हत्या. मामाजी दरवर्षी स्कूटी घेऊन आणायला जात आणि दरवर्षी एकच उत्तर घेऊन परत येत. "मी का धानाचा पोता आहो, गाडीवर लादून न्यायले? पायानं येईन, एकटी येईन. नाही त नाही येत." हात धरलेलाही त्यांना चालत नसे. "हात धराले मी का नवी नवरी आहो?"

तेव्हा मामाजींनी ठरवलं, बहिणीला दिसतं ते पांढरं, तर वाट पांढरी. यंदाच्या मंडईला बाई एकटी चालत येणार. ते मावशींना 'बाई' म्हणतात. हेतू असा सोन्यासारखा. पण सोनं अंगावर घालायला बरं, डोक्यावर पडलं की टेंगूळ येतं. ते टेंगूळ दर रविवारी मला येत असे, कारण मी जवळच कुडव्याला राहतो, माझ्याकडे मोटरसायकल आहे आणि मी जावई आहे. या तिन्हीतला एकही गुन्हा मला नाकारता येत नव्हता.

मामाजी गोटे तांदळासारखे पारखत. नाल्यातून आणलेला प्रत्येक गोटा त्यांच्यासमोर ठेवायचा. ते स्कूटीवर बसल्या बसल्या तो हातात घेत, उलटापालटा करत आणि निकाल देत. "हा कनकी. बाजूला टाक. हा चालते. हा तर टुकडाच आहे, कोनं आनला?" माणसांचीही त्यांनी प्रतवारी लावली होती. बचत गटाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे उसना, म्हणजे उकडा तांदूळ, शिजायला कठीण पण पोटाला धरून ठेवणारा. आणि मी? एकदा घमेलं उचलताना माझी कंबर धरली आणि मी तासभर आंब्याखाली आडवा झालो. मामाजींनी स्कूटी जवळ आणली, माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही कोंडा आहा. दिसता लय, निंगत काही नाही." बायको शेजारीच उभी होती. तिला इतकं हसू आलं की तिच्या हातातला चुन्याचा ब्रश माझ्या सदऱ्यावर पडला. तो डाग अजून आहे.

चुन्याच्या बाबतीत तर ते कुणाचं ऐकत नसत. गावातला एक पोरगा नागझिऱ्याला गाईड आहे. त्यानं सुट्टी टाकून जुन्या पुलियाच्या कठड्यावर वाघ काढला. वाघ खरोखर देखणा होता, पट्टे असे की शेळ्या वाट बदलून जायच्या. दुसऱ्या रविवारी आम्ही पाहतो तर वाघ पांढराफेक. मामाजींनी त्याच्यावर चुना मारून घेतला होता, फक्त डोळे ठेवले होते. गाईड रडकुंडीला आला. "मुनीमजी, नागझिऱ्यात पांढरा वाघ नाही जी! पर्यटक हासतील मले."

"पर्यटकाले डोरे आहेत," मामाजी म्हणाले. "ज्याले नाहीत त्याच्यासाठी आहे हा वाघ."

या माणसाची पंचाईतच ही होती. संताप यावा असं वागायचं आणि संताप अर्ध्यावर आला की असं काही बोलायचं. आलेला संताप मग घरी नेऊन बायकोवर काढावा लागे, आणि ती तर त्यांचीच भाची.

बाकांना त्यांनी विरोध केला, कारण बाई आपटेल. गुलमोहराला विरोध केला, कारण मुळं वर येतील. सकाळी फिरायला येणाऱ्या लोकांना ते स्कूटीवरून हॉर्न वाजवत सांगत, "मधातून चाला जी, गोट्यायले पाय लावू नका!" चालण्याच्या रस्त्यावर गाडी आणू नये असं अध्यक्षीणबाईंनी एकदा सुनावलं, तर म्हणाले, "मी चालून नाही राहिलो, मी पाहून राहिलो." अखेर दिवाळीच्या आधी शेवटचा गोटा लागला. मामाजींनी मावशींना निरोप धाडला आणि तिकडून होकार आला. मंडईच्या सकाळी येते, एकटी येते, कोणी सामोरं यायचं नाही.

आणि दिवाळीत पाऊस पडला. अवकाळी, दोन दिवस, नको तिथं नको तितका. हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून झाला होता, पोत्यांत ओला होऊन बसला होता. बांध्यांत चिखल, अंगणात चिखल. मंडईच्या दिवशी सकाळी कडक ऊन पडलं तेव्हा साऱ्या पंचक्रोशीत कोरडी, सपाट, झाडून-पुसून लख्ख केलेली एकच जागा होती. ती कुणी झाडून घेतली होती हे सांगायला नको.

मी आणि मामाजी स्कूटीवरून पोचलो तेव्हा वाट नव्हतीच. धान होता. या टोकापासून नजर पोचेल तिथपर्यंत ताडपत्र्यांवर पिवळाधमक धान वाळत घातलेला. आणि गोटे? ताडपत्र्यांच्या कडा वाऱ्यानं उडू नयेत म्हणून लोकांनी ते उचलून त्यांच्यावर ठेवले होते, कुठं एक, कुठं चार. पारखून निवडलेला एकन् एक गोटा. मामाजी हॉर्नवर हात दाबून ओरडले.

"उचला! समदा उचला! बाई निंगाली असन तिकडून!"

अध्यक्षीणबाई पायानं धान फिरवत होत्या. थांबल्यासुद्धा नाहीत. "कुठी वारवू मंग? तुमच्या डोक्सावर? कोंब आले धानाले, मुनीमजी."

"माही लाईन आहे ही!"

"अन् हा पयला ढीग कोनाचा आहे, ते पाहा बरं."

पहिल्या ढिगाशी पदर खोचून आमच्या मामी उभ्या होत्या. "आपलाच आहे जी," त्या शांतपणे म्हणाल्या. "घरात ठेवला असता त सडला असता."

मामाजींनी स्कूटी चालू केली. बहिणीला अर्ध्यात गाठून थांबवायचं होतं. पुढचं चाक धानाच्या कडेला टेकलं आणि थांबलं. माणूस जन्मभर तांदळावर जगलेला, अन्नावर चाक घालायला हात धजेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि आमच्या लग्नानंतर प्रथमच मी मामाजींना चालताना पाहिलं. चालणं कसलं ते, बदक पहिल्यांदा पाण्याबाहेर आल्यासारखं. दाणे टोचत होते, पाय रुतत होते, तोंडानं "अगाई, अगाई" चाललं होतं. मी मागोमाग, माझा कोंडा सावरत.

वळणावर त्या दिसल्या. पांढरं लुगडं, हातात काठी, पण काठी टेकलेली नव्हती, काखेत धरली होती. मोठ्या मावशी पाय न उचलता, घासत, सावकाश येत होत्या, जशा बायका धान फिरवायला चालतात तशाच. मागे ओला दाणा वर येत होता.

"कोन व्हय?" पावलांचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं.

"मी आहो, बाई."

"गाडी कुठी आहे तुही?"

"गाडी नाही आनली."

मावशी उभ्या राहिल्या. "पायानं आला? तुले पाय आहेत?" आणि त्या अशा हसल्या की पलीकडच्या ढिगावरच्या बायकाही हसू लागल्या. मामाजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "गोटे नेले बाई, लोकायनं. एकही नाही राहिला. वाट कशी सापडली तुले?"

"सापडाले का झालं? पायाखाली धान आहे तवरी वाट आहे. धान सरला का आपलं बाजूले सरकाचं." त्यांनी पाऊल पुढे टाकलं. "चाल. अन् पाय उचलू नको, घासून चाल. लोकायचा धान तरी फिरन."

मग दोघं पुढे आणि मी मागे. त्यांनी हात धरला नाही, यांनी पुढे केला नाही. धानात नांगराचे काढावेत तसे दोन तास उमटत गेले, एक सुतासारखा सरळ आणि त्याच्या शेजारून दुसरा, वेडावाकडा, मध्येच थांबलेला, पुन्हा धावून त्याला गाठणारा.

संध्याकाळी लोकांनी धान गोळा केला आणि ते तासही गेले. गावात मंडईचे भोंगे वाजत होते, मावशी ओट्यावर बसून माहेरच्या बायकांशी भांडत होत्या. मी लाईनवर गेलो तर मामाजी स्कूटीवर एकटे बसलेले, सुजलेले पाय हँडलवर ठेवून.

"जवाईबापू, रविवारी या. गोटे परत लावा लागतीन."

माझा सगळ्या वर्षाचा वैताग उसळून आला. म्हटलं, "कायले मामाजी? मावशी गोट्यांवाचून आल्या की!"

त्यांनी हँडलवरचा पाय खाली घेतला आणि त्या वळणाकडे हात केला. ऊन उतरलं होतं, वाट नुसती मातीची दिसत होती.

"आली," ते म्हणाले. "पन धान का बाराही महिने वारते?"