नाल्याच्या चढावरचा आवाज

पिपरटोल्यात इतवारी दूधवाला आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. त्यानं सायकलीच्या मागच्या चाकाजवळ तेलाच्या पिप्याचा पत्रा तारेनं बांधला होता. चाक फिरलं की स्पोक त्यावर आपटायचे, खडखड, खडखड. सिंदेवाहीच्या जंगलरस्त्यावर सायकल चालवणारा प्रत्येकजण असं काहीबाही बांधतोच. माणूस येतोय हे जनावराला कळलं म्हणजे ते आपणहून बाजूला होतं. जनावर म्हणजे कोणतं, ते पिपरटोल्यात कोणी उच्चारत नाही. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं म्हणतात.

इतवारीची बायको भागीरथा त्या आवाजावर घर चालवायची. नाल्याचा चढ लागला की खडखड दमायची. खड्... खड्... खड्... तेवढ्यात ती चुलीवर चहाचं आधण ठेवी. चढ सरला की आवाज पुन्हा धावत सुटे, आणि ती पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी राही. पाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, हा तिचा कायदा होता आणि तो फक्त नवऱ्यालाच लागू होता.

दोन वर्षांमागं पौषात चाक पंक्चर झालं. सिंदेवाहीच्या दुकानदारानं ते उघडून काढलं, नीट करून परत बसवलं, आणि पत्रा बांधायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी धुक्यात इतवारी निघाला तो मुकाट. पुढं नाल्याच्या चढावर सायकल सापडली, दुधाच्या कॅन सापडल्या. बाकीचं गावानं भागीरथेला पाहू दिलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आवाज नोता न."

त्यांची एकुलती एक पोरगी उर्वशी आता अकरावीत होती आणि बापाचेच पाय घेऊन जन्माला आली होती. चंद्रपूरच्या सायकल क्लबाचे गोपाल सर तिला जिल्ह्याच्या शर्यतीत पाहून वेडे झाले आणि शर्यतीची सायकल देऊन गेले. राज्याची निवड चाचणी उन्हाळ्याच्या तोंडावर होती. पण भागीरथेनं ती सायकल खुंटीला टांगली, वर जुनं लुगडं टाकलं आणि सांगितलं, "रस्त्यावर नाई."

गोपाल सर बोलताना हातानंच पायडल मारत. "बाई, क्या है ना, रस्ताच नको आपल्याले. घरातच मशीन ठेवू. सायकल त्याच्यावर उभी. चाक फिरन, पोरगी जागची हलनार नाई. मशीन क्लब घेऊन देते, तुमी फक्त पसंत करा."

म्हणून मायलेकी चंद्रपूरच्या दुकानात गेल्या. विकणारा पोरगा पुण्याकडचा होता, आणि त्याच्या शर्टाइतकीच त्याच्या प्रत्येक वाक्याला इस्त्री होती.

"हे बघा ताई, हा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर. ह्यात मागचं चाक काढूनच टाकायचं, चेन थेट मशीनवर चढवायची. अचूक म्हणाल तर एकदम अचूक. आणि आवाज? शून्य हो! शेजारी बाळ झोपलेलं असेल ना, तर कूससुद्धा बदलणार नाही."

उर्वशीचे डोळे त्या मशीनला चिकटले. भागीरथा म्हणाली, "चाक काढा लागते?"

"हो, पूर्णच!"

"मंग नाई. अन् ते कोपऱ्यातलं?"

पोरगा जरा ओशाळला. "तो व्हील-ऑन. चाक सायकललाच राहतं, खाली रोलर घासतो. स्मार्ट तोही आहे. मोबाइलमध्ये रस्ता टाकला की चढावर आपोआप जड होतो, उतारावर हलका. पण खरं सांगू का ताई? आवाज फार करतो. लोक परत आणून देतात हो."

"चालवून दाखवा बरं."

बिचारा इस्त्रीच्या पँटीनिशी सायकलवर चढला. रोलर असा बोंबलला की दुकानातले दोघं गिऱ्हाईक कानावर हात ठेवून बाहेर गेले.

"हेच पाह्यजे," भागीरथा म्हणाली.

"आई, सगळे लोकं तं कमी आवाजाचं मांगतेत!"

"सगळ्या लोकाईच्या घरचा मानूस चुपचाप नाई गेला, व पोरी."

परतताना एसटीत उर्वशीनं मान तिरपी करून, गोड आवाज काढून सुरू केलं, "बाळ कूससुद्धा बदलणार नाही हो, ताई!" भागीरथेनं पदर तोंडाशी नेला. हसली की काय, ते कळलं नाही.

मशीन मधल्या घरात बसलं. मोबाइलमध्ये परदेशातले डोंगर होते, समुद्रकाठचे रस्ते होते. उर्वशीनं टाकला पिपरटोला ते सिंदेवाही आणि परत. तिला तोच एक रस्ता डोळे मिटून येत होता.

संध्याकाळी भागीरथा अंगणात तांदूळ पाखडत होती. आत रोलर घूंऽऽ करत सुटला. मग आवाज जड झाला, दमला. घूं... घूं... घूं... पुन्हा मोकळा होऊन धावला. सूप खाली कधी ठेवलं ते भागीरथेला कळलं नाही. चुलीवर आधण उकळत होतं आणि ती गडवा घेऊन दारात उभी होती.

कोणी आलं नाही. आवाज येत होता, जवळ येत होता, येतच होता. पोहोचत नव्हता.

हे रोजचं झालं. धाकटा दीर सोमाजी शेजारीच राहायचा. त्याच्या बोलण्याची गाडी खाकरल्याशिवाय सुरू होत नसे. "अँहं, वहिनी, कोनाची वाट पाहून राह्यल्या?"

"पोरीची."

"अँहं, पोरगी तं घरात हाये न बाप्पा."

"मंग घरातल्या पोरीची पाहून राह्यली. तुमचं काय जाते, भाऊजी?"

सोमाजी खाकरत आपल्या अंगणात परतला.

एका संध्याकाळी रोलर नेमका चढावर दमत असताना लाइट गेली. आत उर्वशीनं पाय थांबवले. चाक फिरायचं थांबलं आणि घर एकदम मुकं झालं. ती घाम पुसत अंगणात आली, तर गडवा आडवा पडलेला, पाणी सांडलेलं, आई नाही.

"काका!" ती ओरडली. सोमाजी डब्यावर काठी बडवत पुढं आणि उर्वशी मोबाइलचा उजेड धरून मागं, दोघं नाल्याकडं पळाले. भागीरथा चढावरच होती. अनवाणी, रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून गवतातून हात फिरवत होती.

"काय शोधून राह्यली, आई?"

"पत्रा. इथीच बंद झाला आवाज. आत्ताच झाला. तुले नाई आला ऐकू?"

सोमाजीनं खाकरायचं सोडून नुसतीच काठी बडवली.

घरी येताच उर्वशीनं सायकल उतरवली, मशीन घडी घालून ठेवलं. "सरले वापस दे. मी नाई चालवत. मले घरात ठेवते अन् तुले जंगलात धाडते हे."

"अन् चाचनी?"

"जाऊ दे चाचनी."

सकाळी टकटक आवाजानं तिला जाग आली. भागीरथा जुन्या पिप्याचा पत्रा कापून शर्यतीच्या सायकलीच्या मागच्या चाकाजवळ तारेनं आवळत होती. मग तिनं उर्वशीकडून गोपाल सरांना फोन लावून घेतला.

"अवो बाई! स्पोकची वाट लागन! रेसची सायकल हाये ते, बैलगाडी नोहे!" फोनमधूनसुद्धा सरांचे हात पायडल मारताना दिसत होते.

"स्पोक दुसरे भेटतेत, सर. तुमी सिंदेवाहीले उभे राहा, पोरगी येऊन राह्यली."

उर्वशी पाहतच राहिली. "तुले भेव नाई लागत?"

"लागते न. पन घरात तू येऊनच राह्यते व, पोहचतच नाई. एकडाव पोहचून दाखव मले."

उन्हं चांगली तापल्यावर ती निघाली. खडखड नाल्याकडं गेली, चढावर दमली, मग लांब लांब होत जंगलात बुडाली. भागीरथा चुलीपाशी बसली. सोमाजी उगाचच तिच्या अंगणात येऊन कुंपणाची काडी सरळ करू लागला.

बऱ्याच वेळानं आवाज आला. खडखड, खडखड. चढ लागला. खड्... खड्... खड्... भागीरथेनं आधण ठेवलं. चढ सरला, आवाज धावत सुटला, आणि ती गडवा घेऊन दारात उभी राहिली. खडखड थेट अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबली. उर्वशी उतरली, लालबुंद, दात दाखवत.

"सरनं घड्याळ दोनदा पाह्यलं, आई! म्हनतेत, अशीच ये रोज. पन तुह्यी तार कच्ची निंगाली. पत्रा जाताखेपीच पडला जंगलात. येतानी भेवानं गाने म्हनतच आली मी."

भागीरथेनं चाकाकडं पाहिलं. चाक मोकळं होतं. तारेचा एक तुकडा लोंबत होता.

"अँहं," सोमाजी म्हणाला, "पन आत्ता तं खड..." आणि रिकाम्या रस्त्याकडं वळून पाहू लागला.

"उद्या पक्की बांधीन," भागीरथा म्हणाली. पोरीच्या पायांवर तिनं अर्धा गडवा ओतला आणि तिला आत पाठवलं. मग तिथंच थांबून, उरलेलं पाणी पायरीवर, उर्वशी उभी होती त्याच्या जरा बाजूला, हळूहळू सोडलं. गडवा रिकामा झाला. तरी ती दारातून लगेच सरकली नाही, कोणाला आत यायला वाट द्यावी तशी एका अंगाला उभी राहिली.