मालवणपर्यंत एकटी

माझ्या बायकोला, अंजनाला, एका जागी स्वस्थ बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. भाजी निवडायला बसली तरी मधेच उठून कपाट सरकवून बघणार, इथं बरं दिसतंय की खिडकीपाशी. हिच्या पायाला भिंगरी आहे असं माझी सासू झुंबरबाई म्हणायची, आणि ती भिंगरी माझ्या गळ्यात बांधून स्वतः कुरुंदवाडात निवांत राहायची.

मी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. अंजना प्राथमिक शिक्षिका. तिची पहिली नेमणूक चंदगड तालुक्यात, पावसाळ्यात चार महिने आभाळच दिसू नये अशा गावात. दर रविवारी मी तिला गाडीत बसवायचो आणि कंडक्टरला सांगायचो, आमच्या मंडळी आहेत, नीट उतरवा. तो पुढच्या गाडीच्या कंडक्टरला सांगायचा. पार्सलासारखी ती हातोहात पोचायची. इतकी जपलेली बायको अख्ख्या महामंडळात नसेल, असं मला वाटायचं. तिला काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही.

ब्याण्णव साली तिची बदली कोल्हापूरजवळच्या एका गावात झाली. तिथे दिवसाला दोनच गाड्या, त्याही शाळेच्या वेळेला नाहीत. तेव्हा वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती शाळेच्या गुंडू शिपायाच्या सायकलवर सायकल शिकली. दोन्ही गुडघे फोडून घेतले आणि महिनाभरात स्वतःची लेडीज सायकल घेऊन आली. शाळा बारा किलोमीटर. जाऊन येऊन चोवीस झाले तरी हिचं समाधान नाही, मग रविवारी पन्हाळ्याचा चढ. पहिल्यांदा पन्हाळ्याला निघाली तेव्हा मी माझा सहकारी विजयसिंह याला स्कूटरवरून मागे पाठवलं. वाघबीळच्या वळणावर तिनं त्याला ओळखलं. घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मात्र पुन्हा सायकल पुसायला बसली.

दोन हजार एक सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं समुद्राचा विषय काढला. आम्ही बौद्ध, आमच्याकडे दिवाळी नसते, सुट्टी मात्र असते. संघप्रिया, आमची मुलगी, तेव्हा नववीत होती. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दोघींनी मिळून रस्ता लिहिला होता: गगनबावड्यावरून घाट उतरून वैभववाडी, मग विजयदुर्ग, तिथून समुद्राच्या कडेकडेने देवगड, कुणकेश्वर, मालवण. येताना सायकल एसटीच्या टपावर टाकायची. मी मुक्कामाच्या गावातल्या आमच्या एसटीच्या लोकांची नावं सांगायला लागलो, तर तिनं पेन खाली ठेवलं.

"मला एकदा कुणाच्या वळखीशिवाय जाऊन यायचंय," ती म्हणाली. "जाऊ का, इतकंच विचारतीया. आणि मागं आलासा, न्हायतर कुणाला लावून दिलासा, तर ह्यापुढं मी तुमच्याकडं काय मागणार न्हाय."

ती धमकी आहे असं मला वाटलं नाही. भांडण, अबोला, माहेरी जाणं, यांतलं काहीच नव्हतं त्यात. मी हसून जा म्हणालो.

शनिवारी पहाटे ती निघाली. त्या दिवशी मी गारगोटीची गाडी गडहिंग्लजच्या फलाटावर पुकारली. माणसं पिशव्या घेऊन इकडून तिकडे पळाली आणि मला शिव्या घालून गेली. संध्याकाळी वैभववाडीच्या बूथवरून तिचा फोन आला. घाट उतरताना ब्रेक गरम झाले म्हणून चार वेळा थांबले, पाय दुखताहेत, जेवले, ठेवते. एवढंच. रविवारी संध्याकाळी फोन आलाच नाही. मी फोनपाशी बसलो, उठलो, रिसीव्हर उचलून आवाज येतो का बघितलं, पुन्हा बसलो. विजयदुर्गातलं मला काहीच माहीत नव्हतं. गाडी आत जाते कधी आणि बाहेर पडते कधी, तेवढंच ठाऊक.

दिवाळीत एसटीच्या माणसाला रजा म्हणजे अमावास्येचं चांदणं. जादा गाड्यांची धुमाळी असते. सोमवारी पहाटे मी स्टँडवर जाऊन विजयसिंहला सांगितलं की सासूबाई एकाएकी आजारी पडल्या आहेत, दोन दिवस सांभाळून घे. झुंबरबाई त्या वेळी कुरुंदवाडात ठणठणीत होत्या. घरातून निघताना संघप्रिया दारात आडवी उभी राहिली होती. पप्पा, जाऊ नका, एवढंच म्हणत होती. मी तिला बाजूला केलं.

माझा हिशेब सरळ होता. एसटी ताशी पस्तीस, सायकल ताशी बारा. देवगडला मी तिच्या आधी पोचणार, लांबून बघणार, धड आहे एवढं दिसलं की परतीच्या गाडीत बसणार. तिनं मला बघायचा प्रश्नच नव्हता. असा हिशेब देशावरचा माणूसच करू जाणे, कारण आमच्याकडे नदी रस्त्याला आडवी आली तर पूल असतो.

देवगडला अकरा वाजता उतरलो. स्टँडसमोरच्या भजीवाल्यानं सांगितलं की एक बाई सायकलवरून आली होती, दोन प्लेट भजी खाऊन कुणकेश्वरला गेली. जीव भांड्यात पडला. ती जिवंत होती, भजी खात होती, माझं काम झालं होतं. तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण मी समोर नसताना माझी बायको कशी दिसते ते बघायची हाव सुटली, दुसरं काय.

कुणकेश्वरची गाडी साडेबाराला. तिथे पोचलो तर देवळाजवळच्या सरबतवालीनं समुद्राच्या कडेच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. पुढची गाडी तीनची. ती प्रत्येक फाट्यावर थांबली, एका ठिकाणी ड्रायव्हर चहा प्यायला, मग समुद्र सोडून आत डोंगरात शिरली आणि तासभर आतच फिरत राहिली. मी कंडक्टरवर चिडलो. तो शांतपणे म्हणाला की मधे खाडी आहे, एसटीला वळसा घ्यावा लागतो, सायकलवाले होडीतून जातात. ज्या गावात उतरलो त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथला नियंत्रक ओळखीचा आहे, माझी फजिती त्याला कळायला नको.

एका छोट्या खाडीचा वळसा घेऊन आम्ही तिथवर आलो होतो, आणि त्या गावाचा रस्ता सरळ दुसऱ्या खाडीच्या पाण्यात संपत होता. पलीकडचा काठ आमच्या रंकाळा तळ्याच्या निम्म्या रुंदीपेक्षाही जवळ. होडी नुकतीच तिकडे लागली होती आणि होडीवाला सायकल उतरवत होता. मागून अंजना उतरली. पंजाबी ड्रेस, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, तोंड उन्हानं लाल.

स्टँडवर पुकारून पुकारून माझा आवाज खणखणीत झालेला आहे. एक हाक मारली असती तर पोचली असती. मी पालथ्या घातलेल्या एका होडीमागे जाऊन उभा राहिलो.

सायकल पंक्चर होती. तिनं ती पालथी केली, चाक काढलं, ट्यूब ओढून बाहेर काढली आणि खाडीच्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसली. मासळीच्या टोपल्या घेऊन तीन बायका थांबल्या. एकीला तिनं चाक धरायला लावलं, दुसरीच्या हातात पंप दिला. काहीतरी बोलली, आणि चौघी जणी हसायला लागल्या. अर्धा तास मी ते बघत होतो. अभिमान वाटला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर मला राग आला. असं मोकळं हसताना ती आमच्या घरात कधी दिसली नव्हती. मग राग कुणावर काढावा तेही कळेना.

तिनं चाक बसवलं, हात चिखलानं चोळून खाडीत धुतले आणि मागे न बघता निघून गेली. होडी परत आली. होडीवाल्यानं येणार का विचारलं. मी नाही म्हणालो आणि वळसा घालून परत जाणाऱ्या त्याच गाडीत जाऊन बसलो.

घरी आल्यावर संघप्रियानं सांगितलं की मी बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात आईचा फोन आला होता. रविवारी विजयदुर्गची लाइन बंद होती. पप्पा कुठे आहेत असं आईनं विचारल्यावर संघप्रियानं ड्युटीवर आहेत असं सांगितलं होतं. पोरीला मी खोटं बोलायला लावलं होतं, आणि ती माझ्याकडे न बघता अभ्यासाला बसली.

बुधवारी दुपारी मालवणची गाडी लागली. मी स्वतः टपावर चढून सायकल काढली. अंजना उतरली, काळी पडली होती आणि दहा वर्षांनी लहान दिसत होती. तेवढ्यात विजयसिंह ऑफिसातून बाहेर आला. चांगला माणूस, मायेनं त्यानं विचारलं, "वैनी, आईची तब्येत कशी हाय आता? सोमवारी ह्यांची धावपळ झाली म्हणं."

तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, तिकीट फाडायला लागतो तेवढाच.

"बरी हाय की आता," ती त्याला म्हणाली. "उतार पडला."

रात्री जेवताना तिनं सगळं सांगितलं. विजयदुर्गचा बुरूज, देवगडची भजी, काजूच्या बागांमधला चढ, होडीतून सायकल नेताना वाटलेली भीती. संघप्रियानं पंक्चरचं विचारलं तेव्हा मी ताटात बघत होतो. एक झालं, तिथंच काढलं, असं ती म्हणाली. मला एक शब्द विचारला नाही. ना कुठे होतात, ना कुठवर आला होतात. मी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण तिनं मला भाकरी वाढली आणि पुढचं सांगायला लागली.

पुढच्या वर्षी ती रत्नागिरीकडून गेली, त्याच्या पुढच्या वर्षी वेंगुर्ल्याहून गोव्यापर्यंत. जाऊ का, असं तिनं विचारलं नाही. शुक्रवारी निघते, असं सांगितलं. घरात भांडण नाही, रुसवा नाही. माझा डबा वेळेवर, आजारपणात माझ्या उशाशी बसणं तसंच. फक्त ती काही मागत नाही. साडी नाही, सिनेमा नाही, वरच्या फळीवरचा डबा काढून द्या, हेसुद्धा नाही. स्टूल घेते आणि स्वतः चढते. माफी मी मागितली, एकदा नाही, तीनदा. तिनं तीनही वेळा माफ केलं, मनापासून केलं, असं मला वाटतं. पण मागणं काही परत आलं नाही.

दोन हजार सात साली मी चौकशीच्या खिडकीत होतो. अंजना फलाटावर आली. एका शिक्षिका मैत्रिणीला घेऊन मालवणला निघाली होती, दोघींच्या सायकली टपावर टाकून. पुढचा रस्ता तिकडून सुरू करायचा होता. घरून निघाली तेव्हा मी ड्युटीवर होतो. माझ्या खिडकीपासून दहा पावलांवर थांबून तिनं मान वर केली आणि फळ्यावरची मालवणची वेळ वाचली. मग मैत्रिणीला सांगितली. मी तिला दिसलो तेव्हा तिनं हसून हात केला. मी वेळ सांगायला अर्धा उठलो होतो, तसाच खाली बसलो.

खिडकीत एक म्हातारी गारगोटीची गाडी कधी आहे म्हणून विचारत होती. तिला मी वेळ दोनदा सांगितली.