इंदुताईंचं धामणीचं धनुष्य

"कुठं लिवलंय ते दाखवा."

भोरच्या आमच्या कचेरीत हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस विरळा. समोर पुढारी असो, साहेब असो, नाहीतर दाखल्यासाठी खेटे घालणारा खेडूत, "तसं चालत नाही" असं कोणी म्हणायचा अवकाश, की इंदुताई चष्मा कपाळावर सरकवायच्या, तळहात पुढे करायच्या आणि हे वाक्य टाकायच्या. बहुतेक वेळा ते कुठंच लिहिलेलं नसायचं. त्या अव्वल कारकून आणि मी त्यांच्या हाताखाली नवा भरती झालेला. पहिल्या दिवशी मी टेबलाशी अवघडून उभा होतो. शेवटी धीर करून "बसू का?" असं विचारलं. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "बसायला इचारावं लागतं, हे कुठं लिवलंय?" मी बसलो. त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

ताई मूळच्या राजगडाखालच्या गुंजवण्याच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कचेरीत कोणाची छाती नव्हती. कागदावर त्यांचं मराठी अगदी सरकारी आणि तोंडी मात्र पक्कं मावळातलं. निवृत्तीला थोडा काळ उरला असताना त्यांना कर्करोग निघाला. पुण्याला शस्त्रक्रिया झाली, डावीकडचा स्तन काढला. त्याबरोबर डावा हातही जायबंदी झाल्यासारखा झाला. खांद्याच्या वर म्हणून जाईना.

मी भेटायला गुंजवण्याला त्यांच्या भावाच्या घरी गेलो. दत्तादादा म्हणजे गावातला मानाचा माणूस, मनानं चांगला, पण त्याचं प्रेम म्हणजे पोत्याखाली दडपल्यासारखं. ताईंनी पाण्याचा तांब्या उचलला की तो ओरडायचा, "ठेव खाली!" त्याची बायको, शेवंतावहिनी, लगेच धावत येऊन तांब्या काढून घ्यायची. मी बसलेलो असतानाच दादा म्हणाला, "आता तुजं काय ऱ्हायलंय इंदे? हितं गप बसून ऱ्हा. दोन घास खा, देवाचं नाव घे."

ताईंचा चष्मा कपाळावर गेलाच नाही. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला भीती वाटली.

दुसऱ्याच आठवड्यात त्या भोरच्या आपल्या खोलीवर परत आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात भिंतीला टेकवायचा आणि बोटं हळूहळू वर चढवत न्यायची. ताईंनी चार दिवस ते केलं आणि सोडून दिलं. "भिंतीवर चढायला मी काय झुरळ हाय? हात वरच न्यायचाय ना? मग कायतरी काम करता करता जाऊ दे."

आणि मग त्यांनी सांगितलं, त्यांना धनुष्य बनवायचंय. हातानं, फळीतून. आणि ते दसऱ्याला शिलंगणात गुंजवण्याच्या वेशीबाहेर ओढायचंय.

यामागची गोष्ट साधी होती. त्यांच्या गावात खंडेनवमीला घराघरातली हत्यारं वेशीजवळच्या देवीच्या देवळात पूजेला लावतात. कोयते, कुऱ्हाडी, एखादी गंजकी तलवार. दसऱ्याच्या संध्याकाळी ज्यानं त्यानं आपापलं हत्यार उचलून वेशीबाहेर न्यायचं. तिथं केळीचा खांब पुरलेला असतो. मानकऱ्यानं त्याला बाण मारला की मग सोनं लुटायचं. बाया लांब बांधावर उभ्या राहून बघणार. ताई लहानपणी एकदा पुढे गेल्या, तेव्हा त्यांच्या बापानं दंडाला धरून मागे ओढलं होतं. "त्योच दंड हाय ह्यो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, करा, पण हळूहळू. पण ताईंना हळूहळू ठाऊकच नव्हतं. जुन्या कपाटाचं सागवानी फळकूट काढून त्यांनी कामाला सुरुवात केली. ओळखीच्या म्हादू सुतारानं "मीच करून देतो बाई" म्हटलं, तर त्याच्याकडून फक्त रंधा आणि कानस घेऊन त्याला वाटेला लावलं. त्यानं जाता जाता सांगितलं होतं, "बाई, सागवान बसायला. वाकायला धामणीचं लाकूड घ्या." पण ताईंच्या डोक्यात सागवान म्हणजे लाकडांचा राजा. राजाशिवाय त्यांचं भागणार कसं? दोन महिने घासून तासून त्यांनी सुंदर धनुष्य केलं, दोरी चढवली, आणि मी बघत असताना ओढलं. काड्कन आवाज झाला. एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला, दुसरा तुळशीच्या कुंडीवर आदळला. मला वाटलं, आता संपलं. ताई हातातल्या तुकड्याकडे बघत होत्या. "राजा म्हनं! मेला पहिल्याच लढाईत पडला," असं म्हणून त्यांनी तो चुलीच्या सरपणात फेकला.

धामणीची फळी दत्तादादाच्या माळ्यावर होती. जुन्या बैलगाडीसाठी आणून ठेवलेली, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात वाळलेली. दादानं ती देणं शक्यच नव्हतं. तो शेतावर गेलेला असताना शेवंतावहिनीनं शिडी लावली आणि फळी खाली दिली. ज्या वहिनीनं ताईंच्या हातून तांब्या काढून घेतला होता, तिनं हे करावं याचं मला नवल वाटलं. ती माणसापेक्षा लांब फळी ताईंनी एसटीत आडवी घातली. कंडक्टर म्हणाला, "बाई, लाकूड चालत न्हाई." पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. फळी भोरला आली.

मग महिनोन्महिने मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या पडवीत. ताई आधी फळीच्या रेघा बघत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता जाणारी रेघ मिळेपर्यंत त्यांनी करवत लावली नाही. रंधा ओढताना डावा हात पुढे जायचा, चेहरा वेडावाकडा व्हायचा, तोंडातून शिवी यायची आणि हात परत पुढे जायचा. शेवटी शेवटी रंधा ठेवून त्या काचेच्या तुकड्यानं लाकूड खरवडत. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवं टेकवून मी दोरी खाली ओढायची, आणि ताईंनी लांब उभं राहून ते कुठं किती वाकतंय ते बघायचं. एकदा मी चांगल्या वाकणाऱ्या बाजूलाच काच लावायला गेलो, तर हातावर चापट बसली.

"वाकतंय त्याला हात लावायचा न्हाई. अडतंय त्याला सोडायचं न्हाई."

मी म्हटलं, "ताई, कचेरीत आपण उलटं करतो."

"म्हणून तर मोडतंय सगळं," त्या म्हणाल्या.

धनुष्याच्या पाठीवर चिकटवायला रेशमाची पट्टी हवी होती, म्हणजे लाकूड तडकत नाही. शेवंतावहिनीनं हे कुणाकडून तरी ऐकलं आणि कुणी न मागताच आपल्या लग्नातल्या शालूचा काठ फाडून पाठवला. जांभळा, जरीचा. ताईंनी तो सरसानं चिकटवला आणि बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत बसल्या. तोवर त्यांचा हात खांद्याच्या वर जाऊ लागला होता. हे त्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं, कारण त्या खुंटीवरून धनुष्य काढत होत्या. मी पाठ फिरवून भुसा झाडू लागलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ताईंना तसल्या गोष्टी खपत नसत.

खंडेनवमीला ताईंनी सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन धनुष्य लावलं. गुरवानं रांगेतल्या सगळ्यांबरोबर त्यालाही कुंकू लावलं, फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी शिलंगणाच्या वेळी ताई देवळात धनुष्य उचलू लागल्या, तेव्हा दादाच्या लक्षात आलं.

"इंदे, बाया न्हाईत येत हितं."

चष्मा कपाळावर गेला. "कुठं लिवलंय?"

"अगं, रीत हाय!"

"रीत म्या पण सांगते. पूजा झालेलं हत्यार येस वलांडल्याबिगर घरी जात न्हाई. आन् ज्याचं त्यानंच न्यायचं. खरं का खोटं?"

दादा गुरवाकडे बघू लागला, गुरव देवीकडे. एक म्हातारा खाकरून म्हणाला, "रीत तर तशीच हाय गड्या." आणि ताई चालू लागल्या.

भाताची खाचरं पिवळी पडली होती. मानकऱ्याचा बाण मारून झाल्यावर ताईंनी खांबासमोर उभं राहून डावा हात समोर धरला. पहिला बाण भातात गेला आणि पोरं हसली. दादा पुढं झाला, "बास आता, लई झालं." त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. दुसरा बाण केळीच्या खांबात खालच्या बाजूला, पण चांगला रुतून बसला. ताईंनी धनुष्य खाली घेतलं आणि डावा हात सरळ आभाळाकडे उंच केला. "दादा, काय ऱ्हायलंय इचारत हुतास न्हवं? ह्ये ऱ्हायलंय."

दादानं आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली.

आजार परत आला, पुढच्या उन्हाळ्यात. या वेळी हाडांत. ताई भांडल्या, डॉक्टरांशी, औषधांशी, नर्सशी. पावसाळा संपता संपता त्या गेल्या. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगतो. ज्या बाईनं आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, तिनं मरणाचं तेवढं का ऐकावं?

खंडेनवमीला दादानंच धनुष्य देवळात नेऊन लावलं. बहिणीची आठवण म्हणून, एवढंच. मीही गेलो होतो. शिलंगणाला सगळ्यांनी आपापली हत्यारं उचलली आणि धनुष्य तेवढं राहिलं. ज्याचं त्यानं न्यायचं, आणि जिचं ते होतं ती तर नव्हती. पूजा झालेलं ते तसंच ठेवताही येईना. म्हातारी माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली.

बांधावरच्या बायांतून शेवंतावहिनी हे बघून खाली उतरल्या आणि थेट देवळात आल्या. त्यांना चारचौघांत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"पाठीवर माज्या लग्नातला शालू हाय. अर्धं माजं हाय. म्या नेते."

दादा गडबडला. "आगं, तुजं कसं? तुला दिलंय म्हून कुठं लिवलंय?"

वहिनींनी पदर कमरेला खोचला.

"न्हाई दिलं म्हून कुठं लिवलंय, ते दाखवा," त्या म्हणाल्या, आणि धनुष्य उचलून वेशीकडे चालू लागल्या.