आधी त्याला बोलू द्या

"तुमचं नंतर. आधी त्याला बोलू द्या."

शिवाजीनगरच्या एका जनावरांच्या दवाखान्यात अक्का प्रत्येक मालकाला हेच ऐकवायच्या. मालक तक्रारींचा पाढा वाचत असायचा आणि त्या त्याच्याकडे न बघता कुत्र्याचा ओठ अंगठ्याने वर करून हिरडी दाबायच्या, तोंडाचा वास घ्यायच्या, पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडायच्या. त्या डॉक्टर नव्हत्या. डॉक्टरांच्या हाताखाली सुया देत, सलाइन लावत केस पिकवलेल्या. मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही. तुम्हीही असल्या माणसांची नावं विचारली नसतील.

मला त्यांनी आठ माणसांसमोर सुनावलं, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. मी सोफ्याच्या कापडाचा दुकानदार. फूटपाथवर तुकडे विकत उभा राहिलो, भाव करत मोठा झालो. ऐकून घ्यायची मला सवय नाही.

माझा पांढरा कुत्रा बर्फ्या दुकानातच राहायचा. दहाव्या वर्षी तो घटाघटा पाणी प्यायला लागला आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर मुतायला लागला. आवक थांबवली की जावक थांबते, असा विचार करून मी पाण्याचं भांडंच उचललं. दिवसातून दोनदा वाटीभर द्यायचो, तेवढंच. चौथ्या दिवशी तो उठेना.

अक्कांनी त्याची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी कुणी तोडलं याचं?"

"अहो, पितो म्हणून तर मुततो..."

"उलटं आहे, अण्णा. किडनी पाणी धरून ठेवत नाही, सगळं खाली जातं, म्हणून तो पितो. पिऊन पिऊन तो जीव धरून होता. तेच तुम्ही काढून घेतलंत."

बाकावरची माणसं माझ्याकडे बघत होती. मी ओरडलो, "मग बरा करा ना!"

डॉक्टरांनी रक्त तपासलं. किडन्या बऱ्याचशा गेल्या होत्या, माझ्या शहाणपणाच्या आधीपासूनच. माझ्यामुळे उरलेल्या भागावर ताण पडला एवढंच. तीन दिवस सलाइनवर काढून तो उभा राहिला. मी अक्कांना गाठून भाव सुरू केला.

"अजून पाच वर्षं काढेल?"

त्या सुया मोजत होत्या.

"तीन?"

"हा आजार बरा होत नाही, अण्णा. सांभाळावा लागतो. सांभाळणार का, तेवढं सांगा."

सांभाळायचं म्हणजे काय, ते त्यांनी शिकवलं. पाणी चार ठिकाणी, कधीही, हवं तेवढं. हाडं बंद, कलेजी बंद. डॉक्टरांनी दिलेली पूड जेवणातच कालवायची, आधी नाही, नंतर नाही. दर आठवड्याला वजन. त्यासाठी मी त्याला उचलून काट्यावर उभा राहायचो, मग एकटा. तो हलका होत होता आणि मी जड, हेही आम्हाला दोघांना तिथेच कळलं.

"रविवारी थोडी कलेजी?" मी विचारलं.

"नाही."

"वासापुरती?"

"तुम्ही खा. हात त्याला हुंगू दे."

कातडीखाली सलाइन द्यायलाही त्यांनीच शिकवलं. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचलायची, सुई आत. पहिल्या दिवशी मी सुई कातडीतून आरपार काढली आणि निम्मी बाटली माझ्या पँटवर गेली. "सरी," त्या कानडीतलं 'बरं' म्हणाल्या, "आज मालकाला सलाइन. उद्या कुत्र्याला."

चौदा महिने मिळाले. भाव करून नव्हे. ते दिवस आठवले की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

मग बर्फ्याचं खाणं सुटत गेलं, उलट्या वाढल्या. एका रविवारी, दवाखान्याला सुट्टी असताना, अक्का दुकानात आल्या. मी त्याला हाताने भात भरवत होतो. तो गिळत होता. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"अण्णा, आता हा तुमच्यासाठी खातोय."

मी उसळलो. "तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमचा आहे का तो? चला, निघा माझ्या दुकानातून!"

त्या निघाल्या, पण पायरीवरच बसल्या. बर्फ्या खुरडत त्यांच्याकडे गेला आणि मांडीवर डोकं टाकून पडला. माझ्या हातातला भात वाळत चालला. कितीतरी वेळाने मी बाहेर गेलो.

"उद्या किती वाजता आणू?"

"दहाला. स्वल्प लवकर आलात तरी चालेल. मी असेन."

त्या होत्या. डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं, तेव्हा त्याचं डोकं त्यांच्या हातात होतं.

महिन्याभराने माफी मागायला गेलो, तर कळलं की अक्का काम सोडून बेळगावकडे बहिणीकडे राहायला गेल्या. आपण जाणार आहोत, हे त्या मला बोलल्या नव्हत्या. माझी तक्रार आहे ती एवढीच. माणसाला ऋण मान्य करायलाही त्यांनी जागा ठेवली नाही.

त्या रविवारी पायरीवरून उठल्या, तेव्हा त्यांची निळी साडी पांढऱ्या केसांनी भरली होती. मी मागून हाक मारली, "अक्का, साडी झटका!"

"असू दे," त्या मागे न बघता म्हणाल्या, आणि तशाच बसस्टँडच्या गर्दीत शिरल्या.