कॉम्प्युटरमधला दादा

ती गोष्ट आठवली की आजही मिशीत हसू येतं. मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून भरती झालो आणि स्वतःच्या हिमतीवर फौजदार झालो, हे मुद्दाम लिहितो.

विश्रांतवाडीत तेव्हा गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. एका कॅफेवाल्याने खबर दिली, एक पोरगा रोज चॅटवर कुणा 'दादा'शी बोलतो आणि आज पडद्यावर बुद्धपौर्णिमेचा मांडव पेटवायची भाषा दिसली. पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी. डायरीत नोंद करून पोराला ठाण्यात आणला. पिशवीत पेट्रोलची बाटली निघाली. पंचनामा केला.

पोरगा इंजिनिअर, पण आयटीत कुठे घेत नव्हते. मांडव शेजारच्या बौद्ध वस्तीतला. तिथल्याच मुलांत क्रिकेट खेळून हा वाढलेला. ठाण्याचे मोठे साहेब दरडावून थकले. मी म्हटलं, माझ्याकडे द्या. चहा मागवला. तू हुशार आहेस म्हणालो, तुझी कुणी कदर केली नाही म्हणालो. पोरगा घडाघडा बोलला. दादा त्याला वाघ म्हणायचा. तुझी नोकरी त्या वस्तीतल्या लोकांनी खाल्ली, हेही दादानेच शिकवलेलं.

मी विचारलं, "आत्ता मी केलं तेच त्याने केलं की नाही? आधी कौतुक, मग कळवळा, मग काम. माझी तर ही नोकरीच आहे. त्याचं काय?"

मग त्याला कॅफेत नेऊन लिहायला लावलं, दादा, तुम्हीही या, काडी तुम्हीच लावा. दादाला आधी ताप आला, मग बहिणीचं लग्न निघालं, मग लिहिणंच बंद.

पोरगा पडद्याकडे बघत राहिला आणि हसत सुटला. "साहेब, अशी कारणं तर आम्ही परीक्षेला द्यायचो."

पुढे सायबर शाखेने दादाला हुडकला. पोरावर प्रतिबंधक कारवाई झाली, पौर्णिमेच्या सकाळीच चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेऊन सोडला. संध्याकाळी मी मांडवात बंदोबस्ताला होतो. पोरगा आपणहून मांडवात आला आणि समितीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांना सगळं सांगून मान खाली घालून उभा राहिला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"झालं सांगून? मग खुर्च्या लावा. माणसं यायला लागलीत."

पोराने घाम गाळून खुर्च्या लावल्या.

मी शिकलो ते एवढंच, की द्वेष कौतुकाच्या वाटेने आत शिरतो. म्हणून नातवंडांचं कौतुक मी मोठ्याने करतो. बायको म्हणते, अति होतं. होऊ दे. कुणा परक्याने करण्याआधी मी केलेलं बरं.